छत्रीपुरती जागा

घराच्या भिंतीवर, बाल्कनीच्या कठड्याला किंवा गच्चीच्या कोपऱ्यात बसवलेली टीव्हीची तबकडी आता इतकी सवयीची झाली आहे की मान वर करून तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपल्याकडे कोणी तिला डिश म्हणतो, कोणी छत्री. ती कुठे बसवायची, किती मोठी चालेल, शेजाऱ्याच्या डोळ्यांना खुपली तर काय, घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती लागते का, नगरपालिका परवाना मागू शकते का, हे प्रश्न मात्र अनेक देशांत न्यायालयांपर्यंत गेले आहेत. त्यांच्या उत्तरांतून कायद्याची एक छोटी, पण फार विचारपूर्वक घडलेली शाखा उभी राहिली. तिची ओळख करून देण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

एवढ्याशा तबकडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाचकांनी विचारले तर ते रास्तच म्हणावे लागेल. विधी महाविद्यालयांतही या विषयाच्या वाट्याला फार तर एखादा तास येत असेल. पण मालमत्तेचा हक्क, स्थानिक संस्थांचे अधिकार, शेजाऱ्यांशी केलेला करार आणि माहिती मिळवण्याचे स्वातंत्र्य हे चार मोठे विषय एरवी चार वेगवेगळ्या ग्रंथांत राहतात. इथे ते एका बाल्कनीत एकत्र येतात. मोठे खटले वाचताना तत्त्वे समजतात, तरी ती जमिनीवर कशी उतरतात ते दिसत नाही. इथे तत्त्वाला फुटपट्टी लावावी लागते. अमुक सेंटिमीटर, अमुक उंची, कठड्याच्या आत की बाहेर, असे थेट उत्तर द्यावे लागते. ज्यांना कायदा माणसांच्या घरात शिरून कसा वागतो हे पाहायचे आहे, त्यांना याहून चांगली जागा मला माहीत नाही.

हा प्रश्न सर्वांत तपशिलाने सोडवला गेला तो अमेरिकेत, म्हणून या अभ्यासाच्या मध्यभागी अमेरिकेचा नियम ठेवावा असे मी सुचवेन. युरोपने त्याच प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला, त्याकडे नंतर वळू. भारताकडे पाहायचे ते शेवटी, कारण आपल्याकडचा प्रश्न वरवर तसाच दिसत असला तरी त्याची घडण वेगळी आहे. त्याआधी वाचकांनी थोडा वेळ आकाशाला द्यावा. या क्षेत्रात आकाश समजल्याशिवाय कायदा समजत नाही.

आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या नियतकालिकात मांडलेली कल्पना अशी होती : विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगानेच फिरेल, आणि खालून पाहणाऱ्याला आकाशात एका जागी थांबलेला दिसेल. घरची तबकडी एकदा रोखून घट्ट बसवता येते ती यामुळेच. हे उपग्रह विषुववृत्तावर असल्याने उत्तर गोलार्धातल्या घरांना ते दक्षिणेच्या अंगाला शोधावे लागतात. किती उंचीवर, हे मुख्यतः गावाच्या अक्षांशावर ठरते. न्यू जर्सीतल्या एडिसनहून पाहिले, तर पश्चिम रेखांश 101 अंशांवरचा उपग्रह, जिथून डायरेक्टीव्ही ही अमेरिकी उपग्रह टीव्ही सेवा सुरू झाली, नैऋत्येला क्षितिजापासून जेमतेम 36 अंश वर असतो. मुंबईहून पूर्व रेखांश 83 अंशांवरचा उपग्रह पाहिला तर तो सुमारे 65 अंशांवर, जवळजवळ डोक्यावरच येतो.

या दोन आकड्यांपाशी थोडे थांबा. एडिसनमधल्या तबकडीची नजर तिरकी समोर जाते, त्यामुळे तिला अडवतात ती समोरची झाडे आणि समोरचे घर. मुंबईतल्या तबकडीची नजर वर जाते, त्यामुळे तिला अडवतो तो वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब. म्हणून न्यू जर्सीत भाडेकरू आपल्या बाल्कनीच्या आत तिपाईवर तबकडी ठेवून निभावू शकतो, आणि मुंबईत ती ग्रिलबाहेर लोंबते किंवा गच्चीवर जाते. एकीकडे भांडण ‘माझ्या’ जागेत राहते, दुसरीकडे ते पहिल्याच दिवशी सामायिक जागेत शिरते. दोन्हीकडच्या नियमांत पुढे जे अंतर दिसते, त्यातला बराचसा भाग या कोनामुळे आधीच ठरून गेलेला असतो.

आता थोडा इतिहास. 1975 मध्ये एचबीओ या वाहिनीने आपले कार्यक्रम उपग्रहामार्गे केबल कंपन्यांना पाठवायला सुरुवात केली. ते सिग्नल अर्थातच फक्त केबल कंपन्यांच्या आवारात पडत नव्हते. 1976 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचे टेलर हॉवर्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या घरी स्वतः तबकडी उभारून ते पकडले, आणि कार्यक्रम पाहिल्याचा मोबदला म्हणून एचबीओला 100 डॉलरचा धनादेश पाठवला. आपण केवळ केबल कंपन्यांशी व्यवहार करतो, असे कळवून कंपनीने तो परत केला. मला हा प्रसंग या साऱ्या क्षेत्राचे बीज वाटतो. हवेतून आपल्या अंगणात आलेले आपण घ्यावे की नाही, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच तयार नव्हते.

ऑक्टोबर 1979 मध्ये अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने (पुढे नुसते ‘आयोग’ म्हणू) केवळ ग्रहण करणाऱ्या तबकड्यांना परवाना घेण्याची सक्ती काढून टाकली. त्याच वर्षी नीमन मार्कस या उंची दुकानाच्या नाताळच्या सूचिपत्रात घरगुती तबकडी झळकली. किंमत 36,500 डॉलर. पुढे किमती झपाट्याने उतरल्या. 1984 च्या केबल कायद्याने सांकेतिक न केलेले सिग्नल घरी पाहणे वैध ठरवले. गावोगावी, विशेषतः जिथे केबल पोहोचलीच नव्हती अशा शेतवस्त्यांवर, अंगणात तबकड्या उभ्या राहिल्या. आजच्या डिशवरून त्यांची कल्पना येणार नाही. त्यांचा व्यास अडीच ते साडेतीन मीटर, पाया काँक्रीटचा, आणि एका उपग्रहावरून दुसऱ्याकडे वळण्यासाठी मोटार.

शेजाऱ्यांची कुरकुर इथे सुरू झाली, आणि ती समजून घेणे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. अमेरिकेत जमिनीच्या वापराचे नियम करणे हे परंपरेने गावाचे आणि शहराचे काम. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात 1926 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिकारावर शिक्कामोर्तब केले, तेव्हापासून कुंपणाची उंची, घरापुढची मोकळी जागा, छपराचा उतार असे सगळे स्थानिक नियमांत येते. त्याच्या जोडीला असते होमओनर्स असोसिएशन, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना. घर घेतानाच तिच्या अटी खरेदीखताबरोबर स्वीकाराव्या लागतात. दाराचा रंग कोणता असावा इथपर्यंत त्या जातात. अशा वसाहतीत साडेतीन मीटरची जाळीदार तबकडी उभी राहिली तर शेजारी अस्वस्थ होणारच. सर्वांनी मिळून राखलेले रस्त्याचे रूप हेही एक मोल आहे, आणि ते जपू पाहणाऱ्यांना खलनायक ठरवून या विषयात शिरणारा वाचक फार लांब जाऊ शकत नाही.

आयोगाचा पहिला प्रयत्न 1986 चा. तबकड्यांना इतर अँटेनांपेक्षा वेगळी, सापत्न वागणूक देणारे स्थानिक नियम रद्द समजले जातील, अशी तरतूद त्याने केली. मात्र आरोग्य, सुरक्षितता किंवा सौंदर्य यांपैकी स्पष्ट हेतू असेल आणि नियम वाजवी असेल तर त्याला मुभा ठेवली. हेतू चांगला होता, पण वाट बिकट. दाद मागणाऱ्याने आधी स्थानिक पातळीवर आणि न्यायालयांत सगळे उपाय करून पाहायचे, मग आयोगाकडे यायचे. न्यू यॉर्क राज्यातल्या डीअरफील्ड गावाच्या प्रकरणात 1993 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की न्यायालयांचा निकाल लागल्यानंतर आयोगाला तो फिरवता येणार नाही. म्हणजे आयोगाचे दार उघडे होते, पण तिथवर पोहोचेपर्यंत प्रकरण संपलेले असायचे. शिवाय हा नियम नगरपालिकांना लागू होता. वसाहतींच्या खासगी अटींना त्याने हातच लावला नव्हता.

दरम्यान तबकडीच बदलली. जून 1994 मध्ये डायरेक्टीव्हीची सेवा सुरू झाली ती 18 इंचांच्या, म्हणजे सुमारे 45 सेंटिमीटरच्या तबकडीवर. शक्तिशाली उपग्रह आणि वरच्या फ्रीक्वेन्सीचा पट्टा यांमुळे हे शक्य झाले. मोठ्या तबकड्यांसाठी लिहिलेले नियम मात्र पुस्तकात तसेच राहिले. गुडघ्याएवढ्या तबकडीला अंगणभर तबकडीचे निर्बंध लागू होत राहिले.

8 फेब्रुवारी 1996 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी दूरसंचार कायद्यावर सही केली. त्या अवाढव्य कायद्यातले कलम 207 जेमतेम एका परिच्छेदाचे आहे. प्रेक्षकाच्या ग्रहणक्षमतेला बाधा आणणाऱ्या निर्बंधांना मनाई करणारा नियम आयोगाने 180 दिवसांत करावा, एवढेच ते सांगते. आयोगाने मुदत पाळली. 14 ऑक्टोबर 1996 पासून तो नियम अमलात आला. अभ्यासक त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘ओटार्ड’ म्हणतात. वाचकांनी टीका-टिप्पण्यांकडे जाण्याआधी मूळ नियम एकदा सलग वाचावा, असा माझा आग्रह आहे. तो काही पानांचाच आहे आणि कायद्याच्या भाषेला शोभणार नाही इतका सुबोध आहे.

त्याचा गाभा असा. तबकडी एक मीटर किंवा त्याहून लहान असावी. अलास्कात मात्र आकाराचे बंधन नाही, कारण तिथे उपग्रह क्षितिजालगत येतो. अशा तबकडीच्या बाबतीत कोणताही निर्बंध, मग तो शहराचा असो, वसाहतीचा असो की घरमालकाचा, तीन कसोट्यांवर तपासायचा. त्यामुळे बसवायला अवाजवी उशीर होतो का किंवा बसवणेच अशक्य होते का? बसवण्याचा, सांभाळण्याचा किंवा वापरण्याचा खर्च अवाजवी वाढतो का? चांगल्या प्रतीचा सिग्नल मिळणे बंद होते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ आले तर तो निर्बंध लागू करता येत नाही.

हे तत्त्व रोजच्या व्यवहारात किती बारकाईने चालते ते पाहण्यासारखे आहे. ‘तबकडी परसात बसवा, दर्शनी भागात नको’ ही अट चालते. पण परसात सिग्नल नीट मिळत असेल आणि तिथे बसवायला जास्त खर्च येत नसेल तरच. ‘घराच्या रंगाशी जुळणारा रंग द्या’ हेही चालू शकते, पण रंगामुळे ग्रहण बिघडत असेल किंवा उत्पादकाची हमी जात असेल तर नाही. ‘आधी समितीकडे अर्ज करा, समिती पुढच्या महिन्याच्या बैठकीत विचार करेल’ हे साधारणपणे चालत नाही, कारण पूर्वपरवानगीची पद्धतच उशीर घडवते. छपरापासून 12 फुटांपर्यंतच्या खांबाला परवाना लागत नाही. त्यावर गेलात तर सुरक्षिततेसाठी परवाना मागता येतो.

दोन अपवाद आहेत : सुरक्षितता आणि ऐतिहासिक वारसा. आग लागल्यावर उतरायच्या लोखंडी जिन्यावर तबकडी लावू नका, विजेच्या तारांपासून अमुक अंतर ठेवा, अर्थिंग नीट करा, या अटी वैध आहेत. पण ‘सुरक्षितता’ हा शब्द नुसता उच्चारून भागत नाही. कारण नियमात लिहिलेले असावे लागते, तशाच आकारमानाच्या इतर वस्तूंनाही ते लागू असावे लागते, आणि गरजेपेक्षा जास्त जाच त्यातून होता कामा नये.

या नियमातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद या साऱ्यानंतर येते. वाद झाला तर सिद्ध कोणी करायचे? निर्बंध घालणाऱ्याने. प्रकरण आयोगापुढे किंवा न्यायालयात असेपर्यंत सुरक्षितता आणि वारसा सोडून इतर निर्बंध लागू करता येत नाहीत, दंड साचत नाही. आणि रहिवासी हरला तरी त्याचे म्हणणे अगदीच पोकळ नसेल तर पालनासाठी त्याला किमान 21 दिवस मिळतात. एका कुटुंबासमोर वकील ठेवू शकणारी संघटना उभी असते, तेव्हा पुराव्याचा भार कोणावर आहे यावर अर्धा निकाल लागलेला असतो. ज्यांनी हा नियम लिहिला त्यांना ते नेमके कळले होते, आणि एक अभ्यासक म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

पुढची पायरी अधिक अवघड आहे. सुरुवातीला या नियमाचा लाभ मालकांनाच होता. 22 जानेवारी 1999 पासून तो भाडेकरूंनाही मिळाला, पण त्यांच्या केवळ स्वतःच्या वापरातल्या जागेपुरता : बाल्कनी, अंगण, खासगी गच्ची. इमारतीची सामायिक गच्ची, बाहेरची भिंत, जिना यांत तो शिरत नाही. तबकडी कठड्याच्या आत उभी असेल तर संरक्षण आहे. तीच कठड्याबाहेर लोंबली तर नाही. भिंतीला भोक पाडण्यास मालक मनाई करू शकतो. भाडेकरूंना दिलेल्या या हक्काला इमारतमालकांच्या संघटनेने आव्हान दिले, आणि 2001 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली.

रेघ कठड्यावरच का ओढली? याचे उत्तर 1982 च्या एका निकालात आहे, आणि तो वाचल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. न्यू यॉर्कच्या कायद्यानुसार घरमालकांना केबल कंपनीला वाट द्यावी लागे, आणि त्याचा मोबदला बहुधा एक डॉलर ठरे. मॅनहॅटनमधल्या पाच मजली इमारतीच्या मालकिणीने टेलीप्रॉम्प्टर या कंपनीविरुद्ध दाद मागितली. तिच्या गच्चीवरून जाणारी केबल अर्ध्या इंचापेक्षाही बारीक, सुमारे 30 फूट लांब, सोबत चार-चार इंचांच्या दोन डब्या. सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जागा कितीही चिमुकली असो, दुसऱ्याच्या मालमत्तेवर कायमचा भौतिक कब्जा करू देणे म्हणजे मालमत्ता घेणेच आहे, आणि त्याची भरपाई द्यावी लागते. भाडेकरूची तबकडी मालकाच्या गच्चीवर चढवण्याचा हक्क आयोगाने दिला असता, तर हा निकाल आड आला असता. बाल्कनी मात्र मालकाने भाड्याने आधीच देऊन टाकलेली असते. म्हणून रेघ तिथे.

कायद्याच्या दृष्टीने ही रेघ स्वच्छ आहे, पण तिच्यामुळे उत्तरेकडे बाल्कनी असलेल्या, किंवा बाल्कनीच नसलेल्या भाडेकरूला काहीच मिळत नाही. ज्यांना स्वस्त घर घ्यावे लागते त्यांच्या वाट्याला तेच येते. हे उणे मी झाकू इच्छित नाही. युरोपीय न्यायालयांनी नेमक्या या जागी वेगळा रस्ता धरला.

युरोपची सुरुवात 1990 च्या निकालापासून करावी. स्वित्झर्लंडमधल्या घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका कंपनीला झुरिकच्या प्रदर्शनात तबकडीवर सोव्हिएत दूरदर्शनचा कार्यक्रम दाखवायचा होता. सोव्हिएत सरकारची संमती आणा, असे स्विस खात्याने सांगितले. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की तबकडीने कार्यक्रम ग्रहण करणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमाखाली येणारा हक्क आहे. जर्मनीच्या घटना न्यायालयाने 9 फेब्रुवारी 1994 रोजी तुर्की भाडेकरूच्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले : मायदेशाचे कार्यक्रम पाहण्याचा भाडेकरूचा हक्क आणि मालकाचा मालमत्तेचा हक्क न्यायाधीशाने प्रत्येक वेळी तराजूत घालून पाहावा. फ्रान्सने तर घरावरील अँटेनाच्या हक्काचा कायदा 1966 मध्येच केला होता.

तरी या मालिकेतला माझ्या मते सर्वांत वाचनीय निकाल स्वीडनविरुद्धचा, डिसेंबर 2008 चा आहे. स्टॉकहोमच्या रिंकेबी उपनगरात इराकहून आलेले जोडपे तीन मुलांसह भाड्याने राहत होते. करारात बाहेर अँटेना लावण्यास मनाई होती. मालकाने हरकत घेतल्यावर कुटुंबाने स्वयंपाकघरात एक लोखंडी स्टँड उभा केला. त्याला एक दांडा, दांड्याच्या टोकाला तबकडी. कार्यक्रम पाहायचा असेल तेव्हा दांडा खिडकीतून बाहेर सरकवायचा, पाहून झाले की तबकडी आत, स्वयंपाकघरात. मालकाने तेवढ्यावरूनही घर खाली करायला लावले, आणि स्वीडनच्या न्यायालयांनी ते मान्य केले. स्ट्रासबर्गने मात्र हक्काचा भंग झाल्याचे सांगितले. अरबी आणि फार्सी कार्यक्रमांतून मायदेशाच्या भाषेशी आणि संस्कृतीशी नाते राखणे या कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. त्यात राजकीय बातम्यांबरोबर निखळ मनोरंजनही मोडते, असे न्यायालयाने नमूद केले. हे वाक्य मला फार मोठ्या मनाचे वाटते. आपल्या भाषेतली मालिका पाहावीशी वाटणे ही गोष्ट न्यायालयाने क्षुल्लक मानली नाही.

वाचकांच्या ध्यानात येईल की युरोप प्रश्न विचारतो तो ‘हे कुटुंब कोण आहे, त्याला काय हवे आहे’ असा. अमेरिकेच्या नियमात प्रेक्षक काय पाहतो याला स्थानच नाही. तबकडीचा व्यास आणि जागेचा ताबा पाहिला की झाले. पहिली रीत माणूस ओळखते, पण निकालाला वर्षे लागतात. दुसरी रीत आंधळी आहे, पण शनिवारी दुपारी तबकडी बसवायला आलेल्या माणसालाही समजते. ब्रिटनने तिसरी वाट धरली, ती थोडक्यात सांगतो : इंग्लंडमध्ये साध्या घराला दोनपर्यंत अँटेना नियोजनखात्याच्या परवानगीशिवाय लावता येतात, एक 100 सेंटिमीटरपर्यंत, दुसरी 60 सेंटिमीटरपर्यंत, वारसा-क्षेत्रात मात्र रस्त्यावरून दिसणाऱ्या दर्शनी भिंतीवर नाही. घरमालकाशी झालेला करार वेगळा, त्यात हा नियम पडत नाही.

मराठी वाचकाला या विषयाशी जोडणारा धागा ओढून आणण्याची गरज नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारतीय वाहिन्या अमेरिकेत घरोघरी पोहोचल्या त्या मुख्यतः तबकडीवरून. स्थानिक केबलवर त्यांना क्वचितच जागा मिळे. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या भाड्याच्या घरात मुलांच्या कानावर आपली भाषा पडावी म्हणून बाल्कनीत तबकडी ठेवणाऱ्या अनेक कुटुंबांना त्यामागच्या नियमाचे नावही ठाऊक नसेल. त्यांची सोय मात्र त्यानेच राखली. प्रवासी समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी कायद्याचे हे पान नजरेआड करू नये.

भारतात घरगुती तबकडीची गोष्ट उशिरा सुरू झाली. 1991 नंतर उपग्रह वाहिन्या आल्या, पण मोठी तबकडी असायची केबलवाल्याच्या गच्चीवर. घरात यायची ती वायर. 1997 मध्ये थेट घरी सिग्नल घेण्यावर सरकारने बंदी घातली, ती 2000 मध्ये उठली, मार्च 2001 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली आणि 2003 पासून खासगी सेवा सुरू झाल्या. तत्त्वाची पायाभरणी मात्र आधीच झाली होती. फेब्रुवारी 1995 मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले, आणि माहिती मिळवण्याचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यात धरला. त्यातला प्रमुख निकाल मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिला आहे. मराठी अभ्यासकाने या क्षेत्रात शिरताना तो आवर्जून वाचावा.

व्यवहारात मात्र महाराष्ट्रातला सदनिकाधारक भेटतो तो गृहनिर्माण संस्थेच्या समितीला. गच्ची सामायिक, बाहेरची भिंत सामायिक, आणि निर्णय सर्वसाधारण सभेचा. तबकडीवरची चर्चा तिथे गळतीच्या चर्चेला लागून येते, आणि ते अगदी समजण्यासारखे आहे : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये कोणी बोल्ट ठोकला तर पावसाळ्यात पाणी वरच्या मजल्यावरच्या घरात उतरते. अमेरिकेचा नियम जसाच्या तसा इथे आणा, असे मी म्हणणार नाही. 65 अंशांच्या कोनाने आपला प्रश्न गच्चीवर नेऊन ठेवला आहे, आणि ओटार्ड नेमका गच्चीच्या दारापाशी थांबतो. तिथून घेण्यासारखे आहे ते दुसरेच : मनाई करणाऱ्याने कारण लिहून द्यावे, आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी.

नव्या वाचकांनी वाट कशी धरावी? आधी एक होकायंत्र घेऊन आपल्याच बाल्कनीत उभे राहा आणि दक्षिण कुठे आहे ते पाहा. अर्धा विषय तिथेच उलगडतो. मग ओटार्डचा मूळ पाठ, त्यानंतर केबलच्या वायरीवरचा 1982 चा निकाल, मग रिंकेबीचा. आयोगाचे वैयक्तिक तक्रारींवरचे निर्णय त्यानंतर हाती घ्या. ते छोटे आहेत, आणि त्यांत झाडे, कुंपणे, परसातल्या सावल्या यांची अशी काही वर्णने येतात की एखाद्या वसाहतीचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहावा. स्थानिक नियम अगदी शेवटी वाचा. शहराचा अध्यादेश किंवा संस्थेचे उपविधी आधी वाचले तर तेच अंतिम वाटू लागतात.

या क्षेत्रात काम करण्याजोगे अजून पुष्कळ आहे. 2001 मध्ये आयोगाने नियमाची व्याप्ती वाढवून बिनतारी इंटरनेटच्या स्थिर अँटेना त्यात घेतल्या, आणि 2021 मध्ये शेजारच्या घरांना सिग्नल पुढे पोहोचवणाऱ्या अँटेनांनाही जागा दिली. आता सुमारे 550 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांच्या मालिकेवरून इंटरनेट घेणाऱ्या तबकड्या घरांवर चढत आहेत. त्या व्यासाने एक मीटरच्या आत बसतात. पण त्यांचा उपग्रह आकाशात एका जागी थांबत नाही. एक मावळतो, दुसरा उगवतो, आणि तबकडीला आकाशाचा ठिपका पुरत नाही, मोठा मोकळा तुकडा लागतो. तो बाल्कनीच्या कठड्याआतून बहुधा मिळत नाही. 1999 मध्ये कठड्यावर ओढलेली रेघ एका ठरावीक दिशेला पाहणाऱ्या तबकडीसाठी होती. चारी बाजूंना पाहणाऱ्या तबकडीसाठी ती कुठे सरकवायची, आणि सरकवली तर गच्चीवरच्या कब्ज्याबद्दलचा 1982 चा निकाल कसा सांभाळायचा, या प्रश्नावर लिहिणाऱ्यांची आज खरी गरज आहे. त्यांत एखादा मराठी अभ्यासक असला तर मला विशेष आनंद होईल.